रुंद पांढरा वर

आमच्या ऑल्डरथॉर्पमध्ये नेव्हिल क्रॉपलींना लोक पाठीमागे ‘ॲडमिरल’ म्हणत आणि तोंडावर ‘मिस्टर क्रॉपली’. आरमाराशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरुणपणी ते ग्रिम्स्बीच्या मासेमारी बोटींवर होते. बोटी बंद पडल्या तेव्हा इथे येऊन त्यांनी सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं. तेही पुढे बंद झालं. बायको गेली, मूलबाळ नव्हतं. शेवटी एकच काम उरलं: टाउन हॉलच्या मनोऱ्यावर ठरलेल्या दिवशी सकाळी झेंडा चढवायचा आणि सूर्य मावळला की उतरवायचा. या कामाला पगार नाही. मान मात्र होता आणि मनोऱ्याच्या जिन्याची किल्ली होती.

युनियन जॅक लांबून पाहिला तर कसाही लावला तरी सारखाच दिसेल असं वाटतं. तसं नाही. काठीकडच्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात, तिरका पांढरा पट्टा रुंद असतो, आणि तो तांबड्याच्या वर यायला हवा. तो खाली गेला की झेंडा उलटा. आमच्या देशात बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना दुसरं काही दिसत नाही. क्रॉपली या दुसऱ्यांतले. राज्याभिषेकाच्या उत्सवात गावभर पताका लागल्या, तेव्हा हे खाटकाच्या दुकानात गेले, पबात गेले, प्राथमिक शाळेतही गेले. मुख्याध्यापिकेला म्हणाले, “रुंद पांढरा वर, मॅडम. झेंडा उलटा लावला तर समुद्रावर त्याचा अर्थ होतो, आम्ही संकटात आहोत, धावा. तुमची शाळा बुडतेय का?”

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत, पण झेंडा सुलटा केला.

मी त्यांची शेजारीण. दोन घरांमध्ये एकच भिंत. सकाळचं स्तोत्र वाचून, प्रार्थना झाल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही, आणि माझी प्रार्थना संपता संपता पलीकडे त्यांच्या किटलीची शिट्टी वाजायची. त्यामुळे त्या शरद ऋतूत त्यांचं काय चाललं होतं ते मला माहीत होतं. ऑक्टोबरात एकदा ते मनोऱ्याच्या दाराला किल्ली तशीच लावून घरी आले. एवढंच झालं. पण टाउन कौन्सिलचे अध्यक्ष पिंचबेक यांनी ते मनावर घेतलं. ‘झेंड्याची जबाबदारी अधिक तरुण हातांकडे देणे’ असा विषय त्यांनी नोव्हेंबरच्या बैठकीत ठेवला. बैठक गुरुवारी होती.

“एकदा विसरलो,” क्रॉपली मला कुंपणावरून म्हणाले. “आता दुसऱ्यांदा काही झालं, एवढंसंही, तर संपलं बघा, एनिड. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील.”

“देव आहे,” मी म्हटलं.

“देव आहे हो. पण कौन्सिलात नाही.”

बैठकीच्या आधीचा मंगळवार म्हणजे राजाचा वाढदिवस, चौदा नोव्हेंबर. झेंड्याचा दिवस. त्यात आमचा बाजारही मंगळवारचाच. पूर्वेकडून वारा सुटला होता. इथे समुद्रापर्यंत एक टेकाडसुद्धा नाही, त्यामुळे वारा थेट अंगावरच येतो. क्रॉपलींनी सायकल टाउन हॉलच्या लोखंडी कठड्याला टेकवली, मनोरा चढले, गच्चीचं दार उघडलं, झेंडा बांधला, चढवला. रुंद पांढरा वर. मागे वळले तर वाऱ्यानं दार लागलेलं. त्यांनी मूठ फिरवली आणि मूठ हातातच आली.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही एका वेळी थोडंथोडं.

आधी त्यांनी दार बडवलं. मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर जुन्या खुर्च्या आणि नाताळचे दिवे ठेवलेले असतात, माणूस नसतं. मग गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन हाका मारल्या. कठडा त्यांच्या छातीपर्यंत आणि चांगला जाड, त्यामुळे खालून त्यांचं डोकंसुद्धा धड दिसत नव्हतं. खाली मासेवाल्या क्लिफच्या गाडीचं जनित्र घरघरत होतं, आणि वर वारा. मोबाइल घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत. कागद नाही, पेन्सिल नाही. त्यांनी टोपी खाली फेकली. टोपी वाऱ्यावर बसून बँकेच्या छपरावर गेली. मग एक हातमोजा फेकला. तो मात्र नेमका क्लिफच्या गाडीच्या कापडी छतावर पडला.

क्लिफनं तो झटकला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आम्ही सगळे जे करतो ते केलं. सापडलेला हातमोजा खालच्या लोखंडी कठड्याच्या टोकावर अडकवून ठेवला, मालकाला दिसावा म्हणून. क्रॉपलींच्याच सायकलीच्या वर.

वर क्रॉपली वाट बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर दोरी होती आणि दोरीवर झेंडा होता. समुद्रावर बोटीला आग लागली असती, तर त्यांच्या कप्तानानं काय केलं असतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण हाच झेंडा उलटा करायचा, म्हणजे ज्यांना आयुष्यभर टोकलं त्या साऱ्या गावासमोर, बैठकीला दोन दिवस असताना, आपल्या हातानं. ते म्हणाले, “दोरी हातात धरली आणि सोडली, एनिड. परत धरली, परत सोडली. मग बोटं कळेनाशी झाली. तेव्हा म्हटलं, अजून थोडं थांबलो तर गाठही मारता येणार नाही.”

त्यांनी झेंडा उतरवला, उलटा बांधला आणि चढवला.

त्या वेळी मी चौकापलीकडे चॅपलच्या हॉलमध्ये चहाची भांडी मांडत होते. दर मंगळवारी तिथे बाहेरून आलेल्या लोकांचा इंग्रजीचा वर्ग असतो. भाज्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये ज्यांची रात्रपाळी असते ते कामावरून थेट येतात, मग झोपायला जातात. शिकवतात मिस टॅप्लिन, निवृत्त शिक्षिका. मी चहा आणि बिस्किटं बघते. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी चालली होती, म्हणून मिस टॅप्लिननी त्या दिवशी फळ्यावर गुलाब, काटेरी थिसल, तीन पानांचा शॅमरॉक आणि डॅफोडिल काढलं होतं. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स. मग झेंडा.

“आणि उलटा लावला तर?” त्यांनी विचारलं.

“संकट!” वर्ग म्हणाला.

“छान. आता सगळे खिडकीपाशी या. टाउन हॉलवर बघा. मिस्टर क्रॉपली आहेत, म्हणजे तो अगदी बरोबरच असणार. रुंद पांढरा कुठे आहे?”

सगळे खिडकीपाशी गेले. 

“खाली,” आल्दोना म्हणाली. ही लिथुआनियाची. गाजरं निवडण्याच्या पट्ट्यावर तिची मुकादमी चालते, आणि आवाजही त्याच मापाचा.

मिस टॅप्लिननी चष्मा पुसून परत लावला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं लहानपण या गावात गेलेलं, आणि क्रॉपलींच्या बायकोची नि त्यांची मैत्री होती. हलक्या आवाजात त्या मला म्हणाल्या, “अरे देवा. एनिड, शेवटी झालंच. बिचारे.” मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, “ही चूक आहे. वय झालंय त्यांचं. आपण बघितलं नाही असं करायचं हं. बसा आपापल्या जागेवर.”

“मिस,” आल्दोना जागची हलली नाही. “तुम्ही आत्ताच शिकवलं, उलटा म्हणजे संकट. आता म्हणता, संकट नाही. परीक्षेत काय लिहू?”

“परीक्षेत संकट लिही.”

“आणि गावात?”

“गावात… गावात आपण कुणाला लाजवत नाही.”

अगुश्तिन्यू म्हणून एक तिमोरचा तरुण आहे, गालात हसणारा. तो म्हणाला, “लिहून घे, आल्दोना. प्रश्न पहिला: म्हातारा संकटात आहे का? उत्तर: श्श.”

“तू गप रे. तुला काय वाटतं?”

“मिस म्हणतात चूक, तर चूक. माझे आजोबा शर्ट उलटा घालायचे. ते संकटात नव्हते.”

“लाव पैज. मी म्हणते संकट.”

“कस्टर्ड टार्ट?”

“बेकरीतलं. सुपरमार्केटातलं चालणार नाही.”

“पण ठरवणार कोण?”

“कोण म्हणजे? म्हातारा. जाऊन विचारायचं.”

मिस टॅप्लिननी हात वर केला. “कुणीही कुणाला काही विचारायला जाणार नाही. विचार करा, त्यांना किती वाईट वाटेल!”

इथे आमच्या गावाबद्दल एक सांगायला हवं. आम्ही वाईट लोक नाही. पण कुणाचं काही चुकलं तर आमच्याकडे दोनच रीती आहेत. एक तर तक्रार करायची, ती सुद्धा त्या माणसाकडे नाही. नाही तर दिसलंच नाही असं करायचं, आणि हे दुसरं फार मोठ्या मनाचं समजलं जातं. त्या सकाळी अर्ध्या चौकाला तो झेंडा दिसला होता. अर्ध्यातले अर्धे तक्रारीला गेले होते, आणि राहिलेले भल्या मनानं मान खाली घालून कोबी निवडत होते.

मला मात्र आल्दोनाचं म्हणणं डाचायला लागलं. मी चहाचं भांडं खाली ठेवलं. “मिस टॅप्लिन,” मी म्हटलं, “चुकले असते तर त्यांना ते खाली उतरताच दिसलं असतं. ते उतरल्यावर चौकाच्या त्या टोकाला जाऊन एकदा मागे बघतात. दर वेळी.”

मिस टॅप्लिननी खडू खाली ठेवला. तोवर आल्दोनानं कोट घातलाच होता.

आम्ही चौघं निघालो: आल्दोना, अगुश्तिन्यू, मी आणि मागोमाग मिस टॅप्लिन. वर्गातले बाकीचे खिडकीला नाक लावून उभे. बाजारातून जाताना क्लिफ ओरडला, “काय गं राण्यांनो, मोर्चा का काय? ॲडमिरलचा झेंडा बघितलात ना? आज सोडणार नाही मी त्याला. माझ्या पताकांवरून केवढं बोलला होता!”

“आज दिसले का तुला ते?” मी विचारलं.

“सकाळी जाताना दिसला. येताना… येताना नाही बुवा दिसला.”

टाउन हॉलच्या कठड्याला सायकल होती. तिच्यावर हातमोजा होता. तपकिरी लोकरीचा, अंगठ्याला निळ्या धाग्यानं रफू केलेला. ते रफू मीच केलं होतं. काखेत कळसा म्हणतात तसं सारं गाव त्याच्यावरून ये-जा करत होतं. 

आत खिडकीमागे कौन्सिलच्या सचिव मिसेस लॅमिंग बसतात. चाळिशीच्या, नीटनेटक्या. त्यांच्यापुढे दोन माणसं झेंड्याबद्दलच बोलत उभी होती. ती गेल्यावर मिसेस लॅमिंग आमच्याकडे वळल्या आणि दमलेल्या आवाजात म्हणाल्या, “झेंड्याबद्दल असेल तर नोंद झालेली आहे. दिलगिरीची सूचना मी लिहितेच आहे. दारावर लावू.”

“क्रॉपली कुठे आहेत?” मी विचारलं.

“घरी असतील. लावून घरी जातात ते.”

“सायकल बाहेर आहे.”

“मग बाजारात असतील.”

“बाई,” आल्दोना खिडकीत वाकून म्हणाली, “झेंडा संकट म्हणतो. तुम्ही सूचना लिहिता. कुणी वर गेलं का?”

मिसेस लॅमिंगनी तोंड उघडलं आणि मिटलं. “वर कशाला जायचं?” असं त्यांना म्हणायचं असावं. पण ते शब्द तोंडाशी आल्यावर त्यांचे त्यांनाच ऐकू आले असतील. त्यांनी खणातून दुसरी किल्ली काढली.

मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल आहे. मिस टॅप्लिन गुडघ्यांमुळे खालीच थांबल्या. मिसेस लॅमिंग पुढे, मग आल्दोना आणि अगुश्तिन्यू, शेवटी मी. दर पायरीला मी मनात देवाचं नाव घेत होते. वरच्या दाराची आतली मूठ फिरली, दार ढकललं, आणि वाऱ्यानं ते आमच्या हातून हिसकून घेतलं.

क्रॉपली झेंड्याच्या काठीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ओठ निळे. दोन्ही हात एकाच हातमोज्यात कोंबलेले. आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “कुणाच्या लक्षात आलं?”

“सगळ्यांच्याच, मिस्टर क्रॉपली,” मिसेस लॅमिंग म्हणाल्या. “तक्रारी आल्या आहेत.”

क्रॉपली हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि दात वाजायला लागले. अगुश्तिन्यूनं आपलं जाड जाकीट काढून त्यांच्यावर टाकलं आणि दार धरून उभा राहिला. मी माझी शाल त्यांच्या डोक्याला गुंडाळली. त्यांच्या मुठीत दाराची मूठ होती. मिसेस लॅमिंगची नजर तिच्यावर गेली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. 

“चला, आधी खाली,” मी म्हटलं.

“आधी झेंडा,” क्रॉपली म्हणाले.

“नेव्हिल!”

“मदत आली, एनिड. मदत आल्यावर ती खूण तशी ठेवली तर ते खोटं बोलणं झालं. सुलटा करा, मग उतरतो. माझी बोटं चालत नाहीत. तुम्ही करा, मिसेस लॅमिंग.”

“मी? मला नाही येत.”

“मी सांगतो तसं करा. खाली घ्या. आता दोन्ही गाठी सोडा. हळू. झेंड्याच्या एका टोकाला लाकडी खुंटी आहे, ते टोक वर.”

मिसेस लॅमिंगनी गाठी सोडल्या. त्याबरोबर वाऱ्यानं झेंडा त्यांच्या तोंडावर आपटला, डोक्याभोवती गुंडाळला, आणि त्यातून बाहेर येईपर्यंत कुठलं टोक कुठलं ते त्या विसरल्या. त्यांनी घाईनं बांधलं आणि ओढलं.

“कसा आहे?” क्रॉपलींनी विचारलं. मान वर करायचीही त्यांच्यात ताकद नव्हती.

आल्दोनानं वर बघितलं. “अजून संकट.”

“उतरवा. परत.”

दुसऱ्या वेळी झेंडा बरोबर बांधला गेला, पण दोरीला पीळ बसला आणि तो अर्ध्या काठीवर अडकला. ना वर जाईना ना खाली येईना. मिसेस लॅमिंग ओढत होत्या, अगुश्तिन्यू एका हातानं दार सांभाळत दुसऱ्यानं दोरी हलवत होता. तेवढ्यात खालचा गोंगाट विरत गेला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. क्लिफनं जनित्र बंद केलं होतं. टोपी काढून, मान खाली घालून तो माशांच्या मागे उभा होता. भाजीवाली उभी होती. पिशव्या घेतलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या होत्या. अर्ध्यावर झेंडा म्हणजे कुणीतरी मोठं गेलं, एवढं मात्र आमच्याकडे सगळ्यांना वाचता येतं.

“कोण गेलं हो?” क्लिफनं वर बघून हळूच विचारलं. आता सगळं शांत असल्यामुळे ते स्पष्ट ऐकू आलं.

“कुणी नाही!” आल्दोना वरून ओरडली. “दोरी अडकली!”

“आं?”

“दोरी! म्हातारा जिवंत आहे! तुम्ही मासे विका!”

पीळ सुटला आणि झेंडा वर गेला. क्रॉपलींनी दोघांच्या आधारानं उठून, डोळे बारीक करून तो पाहिला, आणि मगच जिन्याकडे पाय वळवले. खाली मिस टॅप्लिन रडत होत्या. अगुश्तिन्यू त्याच पावली बेकरीत गेला आणि टार्ट घेऊन आला. आल्दोनानं ते अर्धं करून मोठा तुकडा क्रॉपलींच्या हातात ठेवला. त्यांना तो धरवेना, तेव्हा तिनंच भरवला. “खा, आजोबा. तुमच्यामुळे जिंकले.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोन दिवस अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं. म्हणजे गुरुवार धरूनच. गुरुवारी संध्याकाळी ते कोट घालून, तेल लावून भांग पाडून माझ्या दारात उभे.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?” मी म्हटलं.

“पडून राहा म्हणाल्या. किल्लीचं काम झालं की पडतो.”

कौन्सिलच्या बैठकीला कुणालाही बसता येतं, पण बसत कुणी नाही. त्या दिवशी मागच्या सगळ्या खुर्च्या भरल्या. मिस टॅप्लिननी अख्खा वर्ग आणला होता. म्हणाल्या, हासुद्धा धडाच आहे. मिसेस लॅमिंग नेहमीसारख्या टेबलाच्या टोकाला लिहायला बसल्या. अध्यक्ष पिंचबेक मनानं वाईट नाहीत. त्यांना फक्त कुठलंही प्रकरण वाढलेलं आवडत नाही.

“नेव्हिल,” ते म्हणाले, “तुम्ही सुखरूप आहात याचा आम्हाला सगळ्यांना आनंद आहे. आता हे नीट मिटवून टाकू. मी असं सुचवतो की आपण एवढंच लिहू: वयोमानामुळे झेंडा लावताना किरकोळ चूक झाली. कौन्सिलचं काही म्हणणं नाही. किल्ली तुमच्याकडेच राहील, माझा शब्द.”

“चूक झाली नाही,” क्रॉपली म्हणाले.

“ते आम्ही समजू शकतो. पण तक्रारी चुकीबद्दल आल्यात, तर उत्तरही…”

“आणि चूक नव्हती असं लिहिलं तर?”

पिंचबेकनी चष्मा काढला. “तर मग दाराचा प्रश्न येतो. विमावाले, तपासणी. मनोरा बंद ठेवावा लागेल. किती दिवस, ते देवाला ठाऊक. आणि पुन्हा उघडल्यावर विमावाले तुमच्या वयाच्या माणसाला एकट्याला वर जाऊ देणार नाहीत. किल्ली तुमच्याकडे राहणार नाही, नेव्हिल. मी हे तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. एक शब्द आहे नुसता. चूक. कोण करत नाही?”

 माझ्या शेजारी आल्दोना पुटपुटली, “म्हण ना चूक, म्हाताऱ्या. किल्ली घे आणि चल.” मलाही तसंच वाटलं, हे खरं. त्यांच्या घरात त्या किल्लीशिवाय सकाळी उठायला दुसरं कारण नव्हतं.

क्रॉपलींनी कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. जरा वेळ हातात धरली. मग टेबलावर ठेवली.

“मी सगळ्या आयुष्यात झेंडा एकदाच उलटा लावला,” ते म्हणाले, “आणि तो बरोबर लावला. तसं लिहा.”

पिंचबेकनी सुस्कारा टाकला. “बरं. मिसेस लॅमिंग, लिहा. मिस्टर क्रॉपली यांच्या म्हणण्यानुसार…”

मिसेस लॅमिंग लिहीत नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

“मूठ सैल झालीय, असं मिस्टर क्रॉपलींनी सप्टेंबरात मला खिडकीवर येऊन सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी सुताराला सांगते म्हटलं. मी विसरले. यात कुणी विसरलं असेल तर ती मी. हे त्यांच्या म्हणण्यानुसार नाही, हे असंच आहे. तसं लिहिते.”

आणि त्यांनी लिहायला घेतलं. पिंचबेकनी चष्मा परत लावला. मग इकडेतिकडे बघून त्यांनी घसा खाकरला, आणि मत घेण्यात आलं: सुतार येऊन दार दुरुस्त होईपर्यंत मनोरा बंद. त्यानंतर झेंड्याला नेहमी दोन माणसं जातील, एकटं कुणी नाही. किल्ली कार्यालयात राहील.

“दोन माणसं कोण?” पिंचबेकनी विचारलं.

आमच्याकडे असा प्रश्न आला की सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. तसं सगळ्यांनी बघितलं.

“एक मिस्टर क्रॉपली, त्यांची इच्छा असेल तर,” मिसेस लॅमिंग मान वर न करता म्हणाल्या. “दुसरी मी. आता मला बांधता येतं.”

“येत नाही,” क्रॉपली म्हणाले.

“थोडं येतं.”

“बिलकूल येत नाही, बाई. एकदा उलटा बांधलात आणि एकदा अर्ध्यावर अडकवून साऱ्या बाजाराला सुतकात बसवलंत.” ते उठले, खुर्चीला धरून उभे राहिले. “उद्या काम संपल्यावर माझ्याकडे या. येताना दोरी घेऊन या, करंगळीइतकी जाड. नायलॉनची नको.”

परत आल्यावर क्रॉपलींनी दारापाशी खिशात हात घातला, किल्ली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग दुसऱ्या खिशातून घराची किल्ली काढली.

शुक्रवारी माझं एकवेळचं जेवण असतं. संध्याकाळी मी पाव कापायला घेतला, तेव्हा भिंतीपलीकडे मिसेस लॅमिंगचा आवाज आला, मग खुर्च्या सरकल्याचा. मग क्रॉपलींचा आवाज आला, “नाही. सोडा. पुन्हा.”

जरा वेळानं परत तेच. “नाही. सोडा. पुन्हा.”